तुमचं मशीन नेमकं कुठं अडतं?

या महिन्यातल्या बहुतेक पत्रांत एकच प्रश्न आहे: कॉम्प्युटरचा मेंदू म्हणजे प्रोसेसर, तो इंटेलचा (आय३, आय५, आय७, आय९) घ्यावा की एएमडी कंपनीचा रायझन? साताऱ्यात १९९९ पासून मी कॉम्प्युटर, आमच्या भाषेत मशीन, जोडते आणि दुरुस्त करते. काउंटरवर हा प्रश्न आला की मी आधी उलट विचारते, की मशीनसमोर हातावर हात ठेवून वाट बघत बसता, ती नेमकी कोणत्या कामाला? ते कळल्याशिवाय मला उत्तर देता येत नाही. पाच पत्रं निवडली आहेत. पहिल्याला जरा जास्त जागा दिली आहे, कारण त्यातली अडचण गावोगावच्या स्टुडिओंत आहे आणि तिच्यावर चुकीचे पैसे खर्च होताना मी बघते आहे.

प्रश्न : आमचा लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. मशीन सहा वर्षांचं : आय५-९४००एफ, ३२ जीबी डीडीआर४ रॅम, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड. गेल्या दिवाळीत सोनीचा नवा कॅमेरा घेतला आणि तेव्हापासून प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरची टाइमलाइन अडकत चालते. सोलापूरचे डीलर म्हणतात, नवीन आय७ घ्या, रायझन तापतो. भाचा म्हणतो, रायझन ९ घ्या, कोअर जास्त मिळतील. साठ हजार बाजूला काढले आहेत. एक क्लिप सोबत पाठवली आहे.
— एक फोटोग्राफर, बार्शी

उत्तर : दादा, क्लिप पाठवलीत हे फार बरं केलंत, कारण उत्तर तिच्यातच आहे. ती उघडून तिची माहिती बघितली : एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून भरायची एक पद्धत), १०-बिट, ४:२:२. यातला शेवटचा आकडा तुमचं मशीन अडवतो.

व्हिडिओत उजेडाची नोंद प्रत्येक बिंदूची वेगळी ठेवतात, रंगाची मात्र वाटून. ४:२:० मध्ये चार बिंदूंना मिळून रंगाची एक नोंद, ४:२:२ मध्ये दोन बिंदूंना मिळून एक. म्हणजे रंगाची माहिती दुप्पट. असा दाबून भरलेला व्हिडिओ उलगडायला चिपमध्ये वेगळा भाग असतो. तुमच्या जीटीएक्स १६५० मधला तो भाग ४:२:० उलगडतो, ४:२:२ त्याला येत नाही. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नाहीत, ९४००एफ मधला ‘एफ’ म्हणजे ग्राफिक्स नसलेला, आणि असते तरी त्या पिढीच्या ग्राफिक्सनाही ४:२:२ उलगडलं नसतं. म्हणून सगळं ओझं सहा साध्या कोअरवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या भागांवर, पडतं आणि टाइमलाइन धापा टाकते. जुन्या कॅमेऱ्याला हे होत नव्हतं, तुमच्या मशीनला अचानक म्हातारपण आलेलं नाही.

आता तुलना. इंटेलच्या १२व्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये, ‘एफ’ नसेल तर, एचईव्हीसीचं १०-बिट ४:२:२ उलगडणारा भाग आहे आणि प्रीमियर तो वापरतं. रायझनमधल्या ग्राफिक्सना ४:२:२ उलगडता येत नाही. त्यामुळे १६ कोअरचा रायझन ९ घेतलात तरी तो हे काम अंगमेहनतीनं करील, आणि त्याच्या कितीतरी कमी किमतीचा आय५ ते सहज करील. तुमच्या स्टुडिओपुरता इंटेल पुढे आहे, आणि त्याचं कारण एवढंच आहे. पुढच्या पत्रात मी उलटं सांगणार आहे, तेव्हा मला कुणा एका कंपनीची समजू नका.

कोणता आय५? १२४०० पुरेल, पण १२५०० मिळाला तर तो घ्या. दोन्हीत ६ कोअर आणि १२ थ्रेड (एका वेळी हाती घेता येणारी कामं) आहेत. घड्याळात, म्हणजे वेगात, फरक किरकोळ, म्हणून दुकानदार दोन्ही एकच समजतात. पण १२४०० मध्ये यूएचडी ७३० ग्राफिक्स आहेत आणि त्यात व्हिडिओचं एक इंजिन. १२५०० मध्ये यूएचडी ७७० आहेत आणि इंजिनं दोन. दोन-तीन कॅमेऱ्यांचे थर एकावर एक ठेवून कापाकापी करणाऱ्याला ते दुसरं इंजिन कामी येतं.

बोर्ड (मदरबोर्ड) मात्र बदलावा लागेल. तुमच्या बोर्डचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, एलजीए ११५१ आहे, याला एलजीए १७०० लागतं. बोर्ड घेताना ‘डीडीआर४ वाला’ असं स्पष्ट सांगा. एकाच नावाचे बोर्ड तुमच्या डीडीआर४ रॅमचे आणि नव्या डीडीआर५ चे अशा दोन्ही प्रकारांत येतात आणि दिसायला सारखे असतात. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव झपाट्यानं चढले. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचं उत्पादन एआयच्या डेटा सेंटरांकडे वळलं आहे. अशा वेळी तुमच्याकडची ३२ जीबी डीडीआर४ ही घरात पडलेली मोठी रक्कम आहे, ती टाकून डीडीआर५ घेऊ नका. प्रोसेसरची तुलना करताना लोक दोन चिपांच्या किमती शेजारी मांडतात. मी कागदावर प्रोसेसर, बोर्ड, रॅम, कूलर असे चार आकडे खाली खाली लिहून बेरीज करते आणि दोन बेरजांची तुलना करते. स्वस्त वाटलेली चिप बऱ्याचदा तिथं महाग निघते.

मशीन जोडून झालं की बायोसमध्ये (बोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये) जाऊन प्रोसेसरमधले ग्राफिक्स चालू करून घ्या. वेगळं कार्ड बसवलं की बरेच बोर्ड ते आपोआप बंद करतात, आणि मग नवा आय५ घेऊनही टाइमलाइन अडते. गेल्या वर्षी दोन स्टुडिओंची मशीनं माझ्याकडे याच तक्रारीनं आली. दोन्हींना एकही सुटा भाग लागला नाही.

पण थांबा, पैसे काढण्याआधी एक फुकटचा प्रयोग करा. कॅमेऱ्याच्या मेनूत एक्सएव्हीसी एचएस (सोनीचा एचईव्हीसी प्रकार) ठेवून ४:२:२ ऐवजी ४:२:० १०-बिट निवडा आणि पुढचं एखादं साखरपुड्याचं काम तसं शूट करा. हे तुमच्या जुन्या कार्डाला उलगडतं. हिरव्या पडद्यावर काम असेल किंवा रंग फार ओढायचे असतील तर ४:२:२ चा उपयोग. हळदीच्या मांडवात बहुतेक गिऱ्हाइकांना फरक दिसणार नाही. एक्सएव्हीसी एस मध्ये ४:२:२ शूट करू नका, तो एच.२६४ या जुन्या पद्धतीनं दाबलेला असतो आणि मी वर सांगितलेल्या आय५ लाही तो उलगडत नाही. प्रयोगानं भागलं तर साठ हजार तसेच ठेवा. नाही भागलं तर प्रोसेसर आणि बोर्ड घ्या, आणि उरलेल्यात चालू कामांसाठी एनव्हीएमई एसएसडी (वेगवान डिस्क) घ्या.

‘रायझन तापतो’ याबद्दल. डीलरसाहेब खोटं बोलत नाहीत, ते जुनं बोलताहेत. २०००-०१ च्या सुमारास एएमडीच्या अॅथलॉनमध्ये स्वतःला वाचवायची सोय नव्हती. कूलर सैल झाला की चिप काही क्षणांत जळायची. तो वास ज्यानं घेतला तो विसरत नाही, मीही विसरलेले नाही. पुढे २०११ ची एफएक्स-८१५० वीज खायची १२५ वॅट आणि कामात इंटेलच्या मागे राहायची. पण २०१७ मध्ये रायझन आला आणि पारडं हललं. आज वरच्या टोकाला बघितलं तर आय९-१४९००के ची पूर्ण जोराची मर्यादा २५३ वॅट आहे आणि रायझन ७ ७८००एक्स३डी चा टीडीपी, म्हणजे कंपनीनं दिलेला उष्णतेचा आकडा, १२० वॅट. तुम्ही घेणार आहात त्या ६ कोअरच्या चिपांत, कुठल्याही कंपनीच्या, ताप हा मुद्दाच नाही. कॅबिनेटची जाळी दर दोन महिन्यांनी ब्लोअरनं साफ करा. बार्शीची धूळ मला माहीत आहे.

प्रश्न : माझं फ्लेक्स, लग्नपत्रिका आणि डीटीपीचं दुकान आहे. मशीन रायझन ३ २२००जी, ए३२० बोर्ड, ८ जीबी रॅम, एसएसडी. काम कोरलड्रॉमध्ये. विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि हे मशीन विंडोज ११ ला चालत नाही असं दाखवतं. दुकानदारानं सगळंच नवीन, इंटेलचं, घ्यायला सांगितलं. आषाढीचा सीझन तोंडावर आहे.
— एक मुद्रक, पंढरपूर

उत्तर : ताई, सगळं नवीन घेऊ नका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, आणि २२००जी मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसत नाही हेही खरं. पण तुमच्या बोर्डचं सॉकेट एएम४ आहे. हे सॉकेट एएमडीनं इतकी वर्षं चालवलं, की २०१७ च्या बोर्डांवरही रायझन ५००० बसवायची परवानगी त्यांनी २०२२ मध्ये दिली. इंटेलनं त्याच काळात सॉकेट निदान दोनदा बदललं. तुमच्यासारख्या दुकानाला या एका गोष्टीचा फायदा चिपच्या वेगापेक्षा मोठा आहे. बोर्ड तोच, रॅम तीच, कॅबिनेट तेच आणि फक्त चिप नवी.

ती चिप म्हणजे रायझन ५ ५६००जी किंवा ५६००जीटी. तुमच्या ४ कोअर, ४ थ्रेडच्या जागी ६ कोअर, १२ थ्रेड येतील. कोरलमध्ये सगळे कोअर फारसे लागत नाहीत, एक कोअर किती जोरात पळतो तेच बघायचं. त्यातही ५६००जी बराच पुढचा आहे, मोठ्या फ्लेक्सवर सावल्या आणि लेन्स टाकताना कळेल. शेवटचं अक्षर मात्र नीट वाचा. साधा ५६०० घेतलात तर त्यात ग्राफिक्स नाहीत, स्क्रीन काळी राहील. इंटेलमध्ये ‘एफ’ लागला की ग्राफिक्स नसतात आणि या रायझनमध्ये ‘जी’ नसला की नसतात. या उलट्यासुलट्या पद्धतीनं किती जणांचे हेलपाटे झाले असतील!

साधा ५६०० जास्त वेगवान, असं कुणी सांगेल. त्याचा एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच हाताशी असलेली मेमरी) ३२ एमबी आहे, ५६००जी चा १६, त्यामुळे गेममध्ये फरक पडतो. तुमच्या कामात नाही.

आता क्रम सांगते, तो मोडू नका. आधी बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलच्या यादीत ५६००जी आहे का आणि त्याला कोणतं बायोस लागतं ते बघा. मग जुनीच चिप बसलेली असताना बायोस अपडेट करा. मगच चिप बदला. अपडेट करताना मशीन यूपीएसवर ठेवा, आणि यूपीएसची बॅटरी खरंच चालते का ते आदल्या दिवशी प्लग काढून तपासा. जून २०२२ मध्ये एका गिऱ्हाइकाचं बायोस अपडेट अर्ध्यात असताना आमच्याकडची वीज गेली आणि यूपीएसनं साथ दिली नाही. बॅटरी मेलेली होती आणि मी ती तपासली नव्हती. बायोसची चिप उतरवून पुन्हा लिहून घेईपर्यंत त्या माणसाचे चार दिवस गेले. तेव्हापासून तपासल्याशिवाय मी हात लावत नाही. तुमच्याकडे तर चार दिवसच नाहीत, म्हणून हे काम आषाढीच्या आधी निदान तीन आठवडे उरका.

आणखी ८ जीबी रॅमची एक कांडी, जमल्यास तुमच्याकडे आहे त्याच वेगाची, टाका. दोन कांड्या जोडीनं चालतात तेव्हा ‘जी’ चिपमधल्या ग्राफिक्सना दुप्पट रुंद रस्ता मिळतो. शेवटी बायोसमध्ये टीपीएम (सुरक्षेची सोय) चालू करा, त्याशिवाय विंडोज ११ पुन्हा नाहीच म्हणेल.

प्रश्न : मुलगा बारावी झाला. गेमसाठी आणि पुढे कोडिंगसाठी मशीन हवं म्हणतो. त्याच्या यादीत ७८००एक्स३डी, आरटीएक्स ४०६० कार्ड आणि घरचाच जुना ६० हर्ट्झचा मॉनिटर आहे. हा प्रोसेसर गेममध्ये आय९ लाही हरवतो म्हणे. खरं आहे का?
— एक पालक, नांदेड

उत्तर : खरं आहे, सर. मुलानं अभ्यास करून यादी केली आहे, त्याला रागवू नका. या चिपमध्ये एल३ कॅश ९६ एमबी आहे, त्याचा काही भाग मूळ चिपच्या वर मजला चढवावा तसा चढवलेला. स्वयंपाक करताना मिसळणाचा डबा गॅसशेजारी असला की हात भरभर चालतो, प्रत्येक चिमटीला कोठीघरात जावं लागलं तर नाही. गेममध्ये प्रोसेसर सारखा त्याच त्या वस्तूंकडे हात नेतो, म्हणून मोठा डबा तिथं जिंकतो.

पण परीक्षा कशी घेतात ते मुलाला विचारा. प्रोसेसरांतला फरक दिसावा म्हणून परीक्षणात सर्वांत महागडं ग्राफिक्स कार्ड लावतात आणि रिझोल्यूशन १०८०पी ठेवतात, म्हणजे कार्ड कुठेच आडवं येत नाही. तुमच्या यादीत ४०६० आहे. बहुतेक नव्या गेममध्ये आधी ते दमेल, आणि त्याच्यापुढे ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रांच्या वर दाखवणारच नाही. तिथं ७८००एक्स३डी आणि रायझन ५ ७६०० शेजारी ठेवले तर मुलाला ओळखता येणार नाही.

माझं मत : ७६०० घ्या. ६ कोअर, १२ थ्रेड, ६५ वॅट, सोबत कूलर येतो आणि जेमतेम का होईना ग्राफिक्सही आहेत, म्हणजे कार्ड बिघडलं तरी अभ्यास थांबत नाही. वाचलेल्या पैशांतून १४४ हर्ट्झचा मॉनिटर. सॉकेट एएम५, आणि ते २०२७ पर्यंत आणि पुढेही चालवू असं एएमडीनं सांगितलं आहे. तीन वर्षांनी मुलगा कमावता झाला की स्वतःच्या पैशानं एक्स३डी चिप त्याच बोर्डवर बसवील. आय५-१४४००एफ हा किंमत कमी करणारा पर्याय आहे, डीडीआर४ बोर्डवर तो बसतो, आणि रॅमचे भाव असेच राहिले तर तुमची बेरीज त्याच्या बाजूनं झुकू शकते. पण एलजीए १७०० चा रस्ता १४व्या पिढीपाशी संपला. कोडिंगला दोन्ही उत्तम. त्यासाठी पैसे घालायचेच तर रॅम १६ ऐवजी ३२ जीबी करा.

प्रश्न : ऑफिसात १३९००के आहे. दीड वर्ष नीट चालला. आता थ्रीडी सॉफ्टवेअर मध्येच बंद पडतं, मोठ्या झिप फाइल उघडताना एरर येते. रॅम बदलली, विंडोज नव्यानं टाकलं, फरक नाही.
— एक वास्तुविशारद, नागपूर

उत्तर : तुम्ही वर्णन केलेली लक्षणं प्रोसेसरकडेच बोट दाखवतात. इंटेलनं २०२४ मध्ये कबूल केलं, की १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप चिपा मायक्रोकोडच्या (चिपच्या आतल्या प्रोग्रॅमच्या) चुकीमुळे गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागतात आणि त्यानं कालांतरानं चिप झिजते. ऑगस्ट २०२४ मध्ये ०x१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०x१२बी हे सुधारित मायक्रोकोड आले. ते बायोस अपडेटमधून मिळतात. पण अपडेट पुढची झीज थांबवतं, झालेली भरून काढत नाही. तुमची झालेली दिसते. इंटेलनं अशा चिपांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच केली आहे. खोक्यातली चिप असेल तर थेट इंटेलकडे दावा करा. ट्रे पॅक (खोक्याशिवाय सुटी विकलेली) असेल तर ज्यानं मशीन विकलं त्याच्याकडे जावं लागेल, बिल शोधून ठेवा. नवी चिप आली की बसवण्याआधी बोर्डचं बायोस ताजं करून घ्या, नाहीतर तिचीही तीच गत.

प्रश्न : मी ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर शिकतोय. बजेट २५ हजार. बाजारात झिऑन ई५-२६८० व्ही४ आणि एक्स९९ बोर्डचं किट अगदी स्वस्तात मिळतंय, १४ कोअर! त्याच पैशात नव्या आय५ मध्ये ६ च. कार्ड पुढच्या वर्षी घेईन.
— एक विद्यार्थी, इचलकरंजी

उत्तर : बाळा, कोअर मोजताना त्यांचं वयही मोज. ही चिप २०१६ ची. सर्व्हरमधून निघालेली, आणि सर्व्हरची चिप सहसा मरत नाही, तिची भीती नको. भीती त्या बोर्डची. नवे म्हणून विकतात, पण त्यांवर जुने सुटे भाग बसवलेले असतात आणि बिघडले तर दाद मागायला कुणी नसतं.

कामाचं बघू. १४ कोअर सगळे लावून हा झिऑन जेवढं रेंडर (मॉडेलचं अंतिम चित्र तयार) करतो, साधारण तेवढंच आय५-१२४०० सहा कोअरमध्ये करतो. आणि एकट्या कोअरच्या धावेत झिऑन त्याच्या जवळपास निम्मा. त्याचं घड्याळ ३.३ गिगाहर्ट्झच्या वर जात नाही. ब्लेंडरमध्ये रेंडर हा दिवसातला थोडा वेळ. बाकी तू मॉडेल वळवतोस, मॉडिफायर लावतोस, त्याचं उत्तर स्क्रीनवर येण्याची वाट बघतोस, आणि ती बरीचशी एका कोअरवर असते. शिकणाऱ्याला तीच वाट जास्त नडते. वीजही बघ. समजा हे मशीन ४० वॅट जास्त खातं, रोज १० तास, वर्षात ३०० दिवस, तर १२० युनिटं. युनिटला १० रुपये धरले तर १२०० रुपये दरवर्षी. शिवाय झिऑनमध्ये ग्राफिक्स नाहीत, म्हणजे कार्डाशिवाय तुझं मशीन सुरू होऊनही स्क्रीनवर काही येणार नाही, आणि कार्ड तर तू पुढच्या वर्षी घेणार आहेस.

मी तुझ्या जागी असते तर प्रोसेसर आय३-१२१०० घेतला असता, ४ कोअर, ८ थ्रेड, ग्राफिक्ससकट, डीडीआर४ बोर्डवर. सायकल्स या ब्लेंडरच्या रेंडर इंजिनमधलं रेंडर ग्राफिक्स कार्डावर कितीतरी पटींनी लवकर होतं, त्यामुळे पुढच्या वर्षीचे पैसे कार्डात घाल. तोवर ईव्ही या ब्लेंडरच्या दुसऱ्या, हलक्या इंजिनमध्ये शीक. तरीही झिऑनचं किट डोळ्यांत भरलं असेल, तर दुकानात पेनड्राइव्हवर तुझी सर्वांत जड ब्लेंड फाइल आणि ब्लेंडरची पोर्टेबल झिप घेऊन जा. चालू मशीनवर उघडायला सांग. आधी पाच मिनिटं मॉडेल हाताळून बघ, मग रेंडरसाठी एफ१२ दाब आणि मोबाइलवर वेळ लाव. शेजारी एखादं १२१०० चं मशीन असेल तर त्यावरही तेच कर. पैसे त्यानंतर काढ.